चिमणीच्या जाळ्या कॉस्टिकमध्ये घातल्या आणि विरघळल्या. असं का झालं?

अबोली७ | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. नेमकं काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या स्वयंपाकघरात चिमणी बसवून सहा वर्षं झाली. तिला बारीक तारांच्या दोन जाळ्या आहेत, चपट्या डब्यासारख्या. एरवी दर महिन्याला गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून धुते. यंदा दिवाळीचं तळण झालं आणि नंतर दोन महिने राहूनच गेलं. चिकटा असा बसला होता की बोट टेकवलं तर सुटेना. जाऊबाई म्हणाल्या, "कॉस्टिक सोडा घाल गं, मी तोच वापरते, वीस मिनिटांत लख्ख." त्यांच्या जाळ्या मी पाहिल्या आहेत, खरंच आरशासारख्या दिसतात.

बाल्कनीत प्लास्टिकचा टब घेतला, त्यात कढत पाणी, चार मोठे चमचे कॉस्टिक आणि दोन्ही जाळ्या. पहिलं अर्धं मिनिट काहीच नाही. मग बारीक बुडबुडे आले आणि बघता बघता सगळा टब फसफसायला लागला. पाणी आधीपेक्षा जास्त तापलं. वाफ नाकात गेली तसा घसा खवखवला, मी मागे सरले. पाणी राखाडी झालं, मग काळं. दहा मिनिटांनी काठीनं जाळी उचलली तर नुसती चौकट वर आली आणि आतल्या तारा ओल्या कागदासारख्या तुटून टबात पडल्या. दुसरी जाळी शाबूत आहे, पण काळीठिक्कर. हात लावला की बोटाला काजळी लागते.

सोडा तोच, पाणी तसंच, मग त्यांच्या जाळ्या लख्ख आणि माझ्या खलास, असं कसं? आणि दुसरं म्हणजे, त्याच पाण्यात नंतर सासूबाईंची जर्मनची कढई घालायची ठरवली होती. ती चाळीस वर्षांची आहे. घातली असती तर?

---

गवतीचहा | रात्री ९:२०

आधी सांगा, घसा आता कसा आहे? आणि ते पाणी अजून टबातच असेल तर मुलांना बाल्कनीत जाऊ देऊ नका.

---

अबोली७ | रात्री ९:२६

घसा ठीक आहे, गुळण्या केल्या. पाणी भरपूर साधं पाणी घालून मोरीत सोडलं. टब तीनदा धुतला.

---

रंधा | रात्री १०:०४

अबोलीताई, भोसरी एमआयडीसीत अॅनोडायझिंगच्या, म्हणजे अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा जाड थर चढवण्याच्या कामात माझी अठरा वर्षं गेली. तुमच्या टबात जे झालं ते आम्ही रोज मुद्दाम करतो, फक्त मोजून आणि घड्याळ लावून.

तुमच्या जाळ्या अॅल्युमिनियमच्या. जाऊबाईंच्या बहुधा स्टीलच्या पन्हाळींच्या असणार, ज्याला बॅफल म्हणतात. सगळा फरक तिथेच आहे.

अॅल्युमिनियम खरं तर फार तापट धातू. हवेत टिकतो तो अंगावरच्या ऑक्साइडच्या कातडीमुळे, आणि ती कातडी काही नॅनोमीटर जाडीची असते. ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा धरते. हे ऑक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे तीव्र आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कातही. कॉस्टिकनं आधी कातडी खाल्ली, ते तुमचं शांत गेलेलं अर्धं मिनिट. कातडी गेली की उघडा धातू थेट पाण्याशी भिडतो. त्यातून सोडियम अॅल्युमिनेट तयार होतं, ते पाण्यात विरघळून जातं, आणि हायड्रोजन वायू सुटतो. वर भरपूर उष्णता. पाणी तापलं की क्रिया आणखी वेगानं होते, ती वेगानं झाली की पाणी आणखी तापतं. जाळीच्या तारा बारीक, म्हणजे वजन थोडं आणि पृष्ठभाग प्रचंड. म्हणून दहा मिनिटांत कारभार आटोपला.

घसा खवखवला तो हायड्रोजनमुळे नाही, त्याला वासही नसतो. बुडबुडे फुटताना कॉस्टिकचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, ते घशात जातात. आमच्या टाक्यांवर एक्झॉस्ट असतो तो त्यासाठीच.

आणि हायड्रोजनला हलकं समजू नका. २७ ग्रॅम अॅल्युमिनियम विरघळलं तर साधारण ३६ लीटर हायड्रोजन निघतो. तुम्ही बाल्कनीत होतात हे फार बरं झालं. ओट्यावर, शेजारी गॅस पेटलेला असताना हे कुणीही करू नये.

---

लिंबलोण | रात्री १०:११

म्हणजे चिमणी भुर्रकन उडून गेली म्हणायची! अबोली, रागावू नकोस गं. तू सुखरूप आहेस म्हणून सुचतंय.

---

अबोली७ | रात्री १०:१९

लिंबलोण, सगळ्या दिवसात आत्ता पहिल्यांदा हसले!

रंधादादा, दुसरी जाळी काळी का? अॅल्युमिनियम तर पांढरं असतं.

---

रंधा | रात्री १०:४०

चांगला प्रश्न. बाजारातलं अॅल्युमिनियम क्वचितच शुद्ध असतं. त्यात सिलिकॉन, लोखंड, तांबं, मॅग्नेशियम असं थोडं थोडं असतं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो, पण तांबं आणि लोखंड त्याला पचत नाही. ते पृष्ठभागावर काजळीसारखं मागे राहतं. आम्ही त्याला स्मट म्हणतो. कारखान्यात एचिंगच्या, म्हणजे कॉस्टिकच्या टाकीतून काम काळं होऊनच बाहेर येतं, मग पाण्यातून काढून नायट्रिक आम्लात बुडवलं की पांढरंशुभ्र होतं. घरी नायट्रिकच्या वाटेला जायचं नाही. घासून काढा, नाहीतर चिंचेच्या पाण्यात उकळा, बरंच सुधारेल. पण तारा पातळ झाल्या असतील, तेव्हा जाळी नवीन घ्या.

जर्मनची कढई म्हणजे अॅल्युमिनियमचीच. ती घातली असती तर विरघळून गेली नसती, ती जाड असते. पण वरचा थर जाऊन तळाला बारीक खड्डे पडले असते, आणि त्या खड्ड्यांत पुढे कायम अन्न चिकटलं असतं.

---

निरांजन | रात्री १०:५२

मी नगरला डोळ्यांच्या विभागात परिचारिका आहे. रसायनशास्त्राचा तास छान चालला आहे, पण मध्येच बोलते, कारण राहवत नाही.

आम्लापेक्षा अल्काची इजा डोळ्याला जास्त वाईट. आम्लानं वरच्या थरातली प्रथिनं गोठतात, तोच थर थोडासा बांध घालतो. अल्क पेशींच्या पडद्यातल्या चरबीचा साबण करत आत आत शिरत जातो. सुरुवातीला दुखणं कमी असतं, म्हणून लोक घरी थांबतात. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर त्याच क्षणी नळाखाली डोळा धरा, पापण्या बोटांनी उघडून किमान २० मिनिटं धुवा, मगच दवाखान्याची वाट धरा. लिंबू, दूध, गुलाबपाणी काही घालायचं नाही. तंबाखूबरोबर मिळते ती चुन्याची पुडी किंवा ट्यूबसुद्धा याच जातीची. लहान मुलं दाबतात आणि ती डोळ्यावर फुटते. असं बाळ मांडीवर घेऊन आलेली आई मी पाहिली आहे. चुना पापणीच्या आत कण होऊन चिकटून बसतो, पापणी उलटी करून तो काढावा लागतो.

आणि हात जोडून सांगते, कॉस्टिकचं पाणी थंडपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका जळलेली असते, येताना पुन्हा जळते.

---

भट्टीवाला | रात्री ११:१५

निरांजनताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक लाँड्रीच्या भिंतीवर लावायला हवं.

आमचं घर परिटाचं. सांगलीला आजोबांची भट्टी होती, आता माझं दुकान आहे. सोड्याशी आमचं तीन पिढ्यांचं नातं, त्यामुळे कपड्यांच्या बाजूनं लिहितो.

भट्टी लावायची म्हणजे धोतरं, चादरी, पंचे सोड्याच्या पाण्यात पिळायचे, मोठ्या तांब्याच्या भांड्यावर रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. पहाटे ते गाठोडं उघडलं की येणारा वास मला अजून आठवतो, ओल्या मातीसारखा आणि थोडासा उकडलेल्या भातासारखा. आजोबा रचताना धोतरं खाली आणि रंगीत काही असलंच तर बाजूला ठेवायचे. रेशीम आणि लोकर भट्टीच्या जवळपाससुद्धा फिरकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "सूत झाडाचं, त्याला सोडा चालतो. रेशीम जिवाचं, त्याला सोडा खातो." पुढे कळलं की हे अक्षरशः खरं आहे. सूत म्हणजे सेल्युलोज. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं, आपल्या केसांसारखी. लोकरीचा तुकडा पाच टक्के कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात टाकला तर काही मिनिटांत नाहीसा होतो. त्याच पाण्यात सुती तुकडा साबूत राहतो. कापडात भेसळ किती ते तपासायला ही युक्ती वापरतात.

आमच्या दुकानात कुणी पैठणी घेऊन आलं तर मी कपडे धुण्याच्या पावडरला हात लावत नाही. आमच्याकडे ती ड्रायक्लीनलाच जाते.

---

पाटावरवंटा | रात्री ११:३१

हे सगळं ठीक आहे, पण मला मुळात ही रसायनंच नकोत. आमची आजी चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन सगळी भांडी घासायची. कुणाच्या डोळ्याला काही झालं नाही. आपण निसर्ग सोडला आणि पाकिटं आणली, त्याची ही फळं.

---

तुषार_क | रात्री ११:४८

पाटावरवंटा, राखेवर माझंही प्रेम आहे, पण राख म्हणजेसुद्धा अल्कच की! लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी बोटांना लावून पाहा, बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीतपणा म्हणजे तुमच्या त्वचेवरच्या तेलाचा साबण होत असतो. युरोपात शतकानुशतकं याच निवळीत चरबी शिजवून साबण केला. आजीच्या ताटावरचं तूप राखेनं निघायचं ते अंशतः याच क्रियेनं, आणि अंशतः राखेच्या बारीक कणांनी घासलं जाऊन.

आजी सुरक्षित होती कारण राखेचा अल्क सौम्य आणि थोडा होता. निसर्गातून आला म्हणून नव्हे. चुनाही निसर्गातलाच, आणि त्यानं काय होतं ते निरांजननी वर लिहिलं आहे.

---

पाटावरवंटा | रात्री ११:५५

चुन्याचा मुद्दा पटला. पण राखेनं पितळेचा पेलासुद्धा चमकायचा, त्याचं काय? तो तर चिकट नव्हता.

---

तुषार_क | रविवार, रात्री १२:१०

पितळेची गोष्ट वेगळी. चिकटा काढायला अल्क लागतो, आणि पितळ-तांब्यावरचा काळपट थर काढायला आम्ल. तो थर तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. सोड्याच्या पाण्यात तो जागचा हलत नाही. चिंच, लिंबू, आमसूल लावलं की तो विरघळतो. म्हणून आजी आधी राखेनं घासायची आणि देवाची भांडी मात्र चिंचेनं. दोन्ही एका हाती होतं तिच्या, आणि कुठे काय वापरायचं ते तिला ठाऊक होतं. राखेनं पेला चमकायचा तो घासण्यानं.

क्रमही महत्त्वाचा. समई तेलकट असताना थेट चिंच लावली तर डाग डाग राहतात, कारण तेलाखाली आम्ल पोचतच नाही. आधी साबण, मग चिंच.

---

रंधा | रात्री १२:१८

+१. कारखान्यातही हेच. आधी डिग्रीझिंग म्हणजे तेल काढणं, मग पिकलिंग म्हणजे आम्लात बुडवणं. आणि चिकटा गेला का ते पाहायची आमची साधी रीत सांगतो, घरीही करता येईल. धुतलेली वस्तू पाण्यात बुडवून तिरकी धरा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर स्वच्छ. तो फाटून थेंब थेंब झाले, तर तिथे तेल शिल्लक आहे.

---

काळीआई | सकाळी ६:४०

आमच्याकडे अकोला जिल्ह्यात खारपाणपट्टा आहे. तुम्ही लोक सोडा विकत आणता, आमच्याकडे तो जमिनीतच आहे. चोपण जमिनीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो, सोडियममुळे माती पावसात चिखलासारखी बसते आणि वाळली की दगड. त्यासाठी जिप्सम टाकावं लागतं. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

अवांतर, पण शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर अख्खंच खारं आणि अल्कधर्मी. सामू दहाच्या आसपास. २०२०च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं तेव्हा मी गाडी काढून पाहायला गेलो होतो. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. काठावरचं पाणी बोटांत चोळलं तर साबणासारखं लागलं. तुषारभाऊंचं वाचून आता कळलं का ते.

---

शिरीष_शिरीष | सकाळी ७:१५

काळीआई, फार छान. पण साबणाला फेस न येणं हे खाऱ्या पाण्यापेक्षा कठीण पाण्याचं लक्षण. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की साबणाशी त्यांची न विरघळणारी साय बनते. बादलीच्या कडेला करड्या रंगाची जी मळी बसते, ती तीच. कपडे मळकट पांढरे दिसतात तेही तिच्यामुळेच.

इथे धुण्याच्या सोड्याचं खरं काम आहे. सोडियम कार्बोनेट टाकलं की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतं आणि पाणी मऊ होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. आधी सोडा विरघळवून पाच मिनिटं थांबायचं आणि मग पावडर घालायची, तर पावडर निम्मी पुरते. एकदम सगळं टाकलं तर ती चुनखडी कपड्यांवरच बसते आणि टॉवेल खरखरीत होतात. मशीनमध्ये वर्षानुवर्षं तेच केलं तर आतही थर चढतो.

---

अबोली७ | सकाळी ८:३०

सकाळी उठून एवढं सगळं वाचलं, मन भरून आलं. वाचनखूण साठवली. कुणी मला एकदा नीट सांगा, धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि कॉस्टिक यांत नेमकं नातं काय? दुकानदारानं तर "सगळा सोडाच की ताई" म्हणून पाकीट हातात दिलं.

---

तुषार_क | सकाळी ९:०५

तिघेही सोडियमचेच, पण जोर वेगवेगळा. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याच्या पाण्याचा सामू सव्वाआठच्या आसपास. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, सामू साधारण साडेअकरा. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, त्याचं चार टक्के पाणीसुद्धा सामू १४ला टेकतं. आकडे शेजारी शेजारी वाटतात, पण सामूची एक पायरी म्हणजे दहापट. खायच्या सोड्यापासून कॉस्टिकपर्यंत जोर लाखांच्या पटीत वाढतो. दुकानदाराचं "सगळा सोडाच" हे वाक्य म्हणूनच मला फार अस्वस्थ करतं.

एक गंमतही आहे. खायचा सोडा कढईत कोरडा भाजला तर त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडा. आणि बाजारातल्या धुण्याच्या सोड्याच्या काचेसारख्या खड्यांत १०० ग्रॅममागे ६३ ग्रॅम पाणीच असतं. उघडे ठेवले की पाणी उडून पांढरी भुकटी होते. म्हणून खडे आणि भुकटी सारख्याच चमच्यानं मोजू नयेत, भुकटी कितीतरी कडक पडते.

---

लिंबलोण | सकाळी ९:२२

मी तर व्हिडिओत पाहून सिंकमध्ये सोडा आणि व्हिनेगर ओतते. काय फेस येतो! तो चालतो ना?

---

तुषार_क | सकाळी ९:३०

फेस सुंदर, उपयोग थोडा. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, उरतं सोडियम अॅसिटेटचं पाणी. ना चिकटा काढायला अल्क उरला, ना क्षार काढायला आम्ल.

---

गवतीचहा | सकाळी ९:४१

मी असहमत. आमचं बेसिन त्यानंच मोकळं झालं, दोनदा. बुडबुड्यांनी गाळ हलतो, मागून किटलीभर कढत पाणी ओतलं की वाहून जातो.

---

रंधा | सकाळी १०:०२

दोघांचंही बरोबर. गाळ हलवायला बुडबुडे चालतील, कढत पाण्याचं श्रेय मात्र मोठं आहे. गोठलेलं तूप त्यानंच सुटतं. नाल्या मोकळ्या करायच्या काही पावडरींत कॉस्टिकबरोबर अॅल्युमिनियमच्या चकत्या मुद्दाम घातलेल्या असतात. अबोलीताईंच्या टबातली क्रिया पाइपात घडवायची, म्हणजे उष्णताही मिळते आणि ढवळणंही. बंद तोंडाच्या पाइपात ती वापरू नये आणि वाकून बघू नये.

एक गोष्ट मात्र कधीही नको. कपड्यांचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो की संडासाचं अॅसिड, एकत्र करायचं नाही. क्लोरीन सुटतो.

---

दूरदेशी | सकाळी १०:१०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे रात्र आहे, पण हा धागा सोडवेना. आईनं भारतातून पाठवलेला अॅल्युमिनियमचा कुकर मी डिशवॉशरमध्ये लावला आणि तो करडा, खडूसारखा होऊन निघाला. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी न बोलता त्यात आमसुलं आणि पाणी उकळलं. अर्ध्या तासात आतून उजळला. तेव्हा जादू वाटली होती. डिशवॉशरच्या वड्यांत पण सोडाच असतो का?

---

रंधा | सकाळी १०:२५

हो, कार्बोनेट असतंच. आमसुलाचं आम्ल तो काळपट थर विरघळवतं. पण हार्ड अॅनोडाइज्ड काळा तवा मात्र डिशवॉशरपासून जपा. त्याचा काळा थर म्हणजे जाड केलेलं ऑक्साइडच, आणि ते अल्कात जातं. गेलेला थर आमसुलानं परत येत नाही.

जस्ताचंही तसंच. पत्र्याच्या बादलीत कॉस्टिक कालवू नये. कल्हईचं कथीलही त्याच घरातलं, म्हणून कल्हईच्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळत ठेवू नका. लोखंडाची कढई, बिडाचा तवा आणि स्टील यांना अल्क चालतो.

---

भट्टीवाला | सकाळी ११:००

कपड्यांचं राहिलं होतं ते पुरं करतो. मांजरपाट नवा आणला की त्यावर पाणी ओतून पाहा, मोत्यासारखं घरंगळतं. कच्च्या सुतावर मेण असतं. सोड्यात उकळलं की ते जातं आणि तोच कपडा पाणी पितो. गिरण्यांत हेच काम किअर नावाच्या मोठ्या बंद भांड्यात कॉस्टिक घालून तासन्‌तास चालायचं. आमचे एक चुलते परळच्या गिरणीत त्याच खात्यात होते, त्यांच्या बोटांची कातडी कायम पातळ आणि लालसर असायची.

सोडा वापरणाऱ्यांनी विसळण्यात कंजुषी करू नये. कपड्यात अल्क राहिला आणि वरून कडक इस्त्री फिरली की पांढरं पिवळं पडतं. मोठ्या लाँड्रीत शेवटच्या पाण्यात किंचित आम्ल घालतात ते त्यासाठीच.

---

शिरीष_शिरीष | सकाळी ११:२०

अल्क उरलाय की नाही, हे घरी कळायला हळद आहे की! आमच्या चुलतबहिणीच्या हळदीला माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर डाग पडला. साबण लावला आणि तो रक्तासारखा लाल झाला. घरात गोंधळ. हळदीतलं कर्क्युमिन सौम्य आम्लात पिवळं आणि अल्कात लाल. हळदीचं कुंकू होतं तेही अल्कामुळेच, चुना किंवा टाकणखार लावून. डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. आणि उन्हात वाळवलं की डाग आपोआप फिका पडतो, कारण कर्क्युमिनला ऊन सोसत नाही.

---

काळीआई | सकाळी ११:३४

म्हणजे साबण लावून ऊन द्यायचं. आमची आई तेच करते, कारण आज कळलं.

---

अबोली७ | संध्याकाळी ६:५०

आजची हकीकत सांगते. जाऊबाईंना फोन केला, त्यांच्या जाळ्या स्टीलच्याच निघाल्या. त्यांना कालचं सांगितलं तर त्याच घाबरल्या. त्यांच्याकडे कॉस्टिकची बरणी ओट्याखाली मिठाच्या बरणीशेजारी होती. आता ती वरच्या फळीवर कुलपात गेली आहे आणि तिच्यावर लाल अक्षरांत नाव लिहिलं आहे.

नवीन जाळ्या मागवल्या आहेत. यापुढे दर पंधरा दिवसांनी धुईन, चिकटा कोवळा असतानाच. रंधादादा, गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि दोन चमचे खायचा सोडा, पंधरा मिनिटं. एवढं अॅल्युमिनियमला चालेल ना?

---

रंधा | संध्याकाळी ७:१२

चालेल. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल इतपत. उकळत्या पाण्यात खायच्या सोड्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होत जातो. तेल जुनं झालं की हवेतला ऑक्सिजन घेऊन वार्निशसारखं घट्ट होतं. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांचं तर लवकर. पंधरा दिवसांत ते इतकं घट्ट होत नाही, त्यामुळे सौम्य सोडा पुरतो. आणि जाऊबाईंना सांगा, कॉस्टिक नेहमी गार पाण्यात थोडा थोडा टाकायचा. पाणी सोड्यावर ओतायचं नाही, ते उसळतं. लीटरभर पाण्यात १०० ग्रॅम टाकला तर पाणी आपोआप पंचवीसेक अंशांनी तापतं. तुम्ही तर कढत पाणी घेतलं होतंत. हातमोजे आणि चष्मा हवाच.

---

निरांजन | संध्याकाळी ७:२०

चष्मा लिहिलात, बरं वाटलं.

---

अबोली७ | रात्री ८:४५

टबाचं एक राहिलं होतं. त्यात उद्या नातवाला आंघोळ घालायची आहे, म्हणून मनात धाकधूक होती. शिरीषभाऊंनी सांगितलं तसं केलं. हळद पाण्यात कालवून टिपकागदाच्या पट्ट्यांना लावली, वाळवल्या. एक पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवली, लाल झाली. दुसरी टबात कोपऱ्यात साचलेल्या थेंबाला लावली, तीही तांबूस झाली. तीनदा धुऊनही! बुडाच्या खाचेत शिल्लक होतं. ब्रशनं खाच घासली, व्हिनेगरच्या पाण्यानं एकदा फिरवलं, मग पाच बादल्या पाणी ओतलं. आत्ता तिसरी पट्टी लावून पाहिली. पिवळीच राहिली.